एकाच ताग्यातलं कापड

दारातली फरशी मी नुकतीच पुसली होती. ते पाहून तो माणूस बाहेरच थांबला आणि म्हणाला, "येऊ का आत? पाय उमटतील."

एवढं सौजन्य आमच्या गिऱ्हाइकांत नसतं. आत्या एका शर्टाची कॉलर उलटवून शिवत होती. तिने मान वर न करता "या" म्हटलं.

त्याने पिशवीतून एक फ्रॉक काढला, कापायच्या टेबलावर ठेवला आणि तळहाताने सपाट केला. हिरव्या-नारिंगी चौकड्यांचा फ्रॉक, पाच-सहा वर्षांच्या मुलीचा.

"हे कापड कुठे मिळेल, बाई?"

आत्याचं मशीन थांबलं. आत्याचं मशीन ओळीच्या मध्ये कधीच थांबत नाही.

"जुनं दिसतंय," ती म्हणाली.

"जुनं नाही, धुऊन विटलंय. मी सोफे शिवतो, मला कापड कळतं. गावातली सगळी दुकानं पालथी घातली. कुणाकडे नाही. म्हणजे हे बाजारात आलेलंच नाही. मिलमधून थेट कुणाच्या तरी घरी गेलंय."

"असेल."

"मुलीला फार आवडायचा हा. आता लहान होत असेल. मोठा करून द्याल?"

"मुलीला घेऊन या. माप घ्यावं लागेल."

"ती आईबरोबर गावाला गेलीय." तो हसला. हसणं छान होतं, तेही सांगायला हवं. "अंदाजाने करा. तुमचा अंदाज चांगला असणार." मग त्याने फ्रॉकची पाठ उलटी केली आणि बटणांच्या काजांवरून अंगठा फिरवला. "काजं हाताने केलीत. आजकाल कोण करतं हो?"

त्याची नजर आत्याच्या मांडीवरच्या शर्टाकडे गेली. त्या शर्टाची काजंही हाताचीच होती.

"शनिवारी येतो," तो म्हणाला. पावती न घेता गेला.

आत्या उठली, खिडकीपाशी गेली, परत बसली, परत उठली. "शटर ओढ," ती मला म्हणाली. भर दुपारी आमचं शटर कधी ओढलं गेल्याचं मला आठवत नव्हतं.

तो फ्रॉक आत्यानेच शिवला होता. आणि ज्या मुलीसाठी शिवला होता ती, लहान्यांची सकाळची शाळा आटपून, त्या क्षणी आमच्या मागच्या गल्लीतल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, भिंतीवर खडूने बदकं काढत होती.

तिच्या आईला आम्ही पाववाली म्हणतो, कारण ती बेकरीत काम करते. ती आमच्याकडे दोनदा आली. पहिल्यांदा आली, काही दिवस राहिली आणि नवऱ्याने रडून-भेकून माफी मागितल्यावर परत गेली. मुलीच्या अंगावर हा फ्रॉक होता. दुसऱ्यांदा निघाली तेव्हा काहीही बरोबर घ्यायला वेळ नव्हता. ती मुलीला घेऊन निघाली आणि फ्रॉक दोरीवर वाळत राहिला.

परत जाणाऱ्या बाईला आत्या कधी बोल लावत नाही. "परत जाणारीला परत यायची वाट माहीत असते," एवढंच म्हणते. पण परत जाणारीबरोबर आपल्या हातची शिवणही त्या घरात जाते, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

इथे आमच्या संस्थेबद्दल थोडं सांगायला हवं. तिची सुरुवात संस्था म्हणून झालीच नाही. मी शाळेत होते तेव्हा एक बाई दुकानात आली आणि म्हणाली, बाही फाटलीय, अंगावरच शिवून द्या. आत्याने शिवून दिली. बाई उठेना. दिवस कलला तरी उठेना. आत्याने दुकानाचे दिवे मालवताना एवढंच सांगितलं, "मागे कॉट आहे. अंगावर घ्यायला काय लागतं ते त्या पेटीत बघा." त्या बाईने पुढे तिच्या बहिणीला सांगितलं, बहिणीने शेजारणीला. कॉटच्या जागी दोन कॉट झाल्या, मग वरचा मजला भाड्याने घेतला, मग तोही पुरेना. तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी आपलं बंद पडलेलं प्रसूतिगृह देऊन टाकलं. "नाहीतरी तिथे बायकाच ओरडायच्या," त्या म्हणाल्या, "आता निदान झोपतील."

त्या इमारतीला सगळ्या अजून मॅटर्निटी म्हणतात. दारं स्ट्रेचर जाईल एवढी रुंद आहेत, प्रत्येक पलंगाशेजारी नर्सला बोलावायची घंटी आहे, आणि मुलांना तिचा नाद लागल्यामुळे तिच्या वायरी कापून टाकल्यात. मी मॅटर्निटीत राहते असं सांगितलं की लोक आधी माझ्या पोटाकडे बघतात. मग वकीलबाई आल्या, नोंदणी झाली, विश्वस्त मंडळ झालं. आत्याला अध्यक्ष केलं तेव्हा ती म्हणाली, "अध्यक्ष म्हणजे सहीवाली ना? मग चालेल."

पण आत्याची एक पद्धत कुठल्याच मंडळाला बदलता आली नाही. नवी बाई आली की तिला काही विचारायचं नाही. आत्या टेप घेऊन बसते आणि आधी मुलांचं, मग आईचं माप घेते. खांदा, छाती, हात, उंची. कुठे टेप टेकवली की बाई आक्रसते, कुठे श्वास धरते, मूल कुठल्या बाजूने हात वर करत नाही, हे सगळं त्यात कळतं. त्या जागी आत्या टेप टेकवत नाही, नुसती जवळ धरते आणि अंदाजाने आकडा म्हणते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना कुठे बघायचं ते सांगते. आणि आठवडा उलटायच्या आत प्रत्येक मुलाला नवा कपडा.

सुरुवातीला ती दुकानातल्या उरल्या-सुरल्या तुकड्यांतून शिवायची. तेव्हा एका मखमली झग्यावरून दोन मुलींची अशी जुंपली की एकीचे केस दुसरीच्या मुठीत आले. तेवढ्यात एका बंद पडलेल्या मिलच्या मालकिणीने टेम्पो भरून तागे पाठवले. चौकड्या किंचित तिरक्या विणल्या गेल्या म्हणून परदेशच्या गिऱ्हाइकाने नाकारलेले. आत्याला आकाश ठेंगणं झालं. सगळ्यांना एकच कापड. कुणी कमी नाही, कुणी जास्त नाही. मुलांचे फ्रॉक आणि शर्ट झाले, मग दप्तरं झाली, उशांचे अभ्रे झाले, पडदे झाले. मुलं दोन-चार होती तोवर ते कापड होतं. मुलं वाढली आणि त्याचा गणवेश झाला. आमच्यापैकी कुणालाच ते दिसलं नाही, कारण आम्ही रोज त्याच्या आतच राहत होतो.

मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. जमिनीखालची नळाची गळती शोधायची असेल तर आम्ही पाण्यात थोडा रंग सोडतो आणि तो कुठे वर येतो ते बघत फिरतो. त्या संध्याकाळी मी मुलांच्या शाळेपाशी जाऊन उभी राहिले. आपल्याला काहीच माहीत नाही, फक्त एक फ्रॉक हातात आहे, असं धरून चालायचं ठरवलं. शाळा सुटली. फाटकातून हिरव्या-नारिंगी चौकड्यांचा एक शर्ट बाहेर पडला, त्यामागे एक दप्तर, त्यामागे एक फ्रॉक. मी दप्तराच्या मागे गेले. दप्तर पुलाखालून वळलं. पुढे एका गच्चीत अभ्रे वाळत होते. पुढे गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाशीच एका इमारतीचा अख्खा पहिला मजला त्याच पडद्यांचा. मला कुणाला पत्ता विचारावा लागला नाही.

मी धावतच वर गेले आणि आत्याला म्हटलं, "आपण स्वतःच रंग सोडलाय."

जुन्या प्रसूतीच्या खोलीत आता आमचं जेवणाचं टेबल आहे. तिथे आत्या, डॉक्टरीणबाई, वकीलबाई आणि पाववाली बसल्या. बसल्या म्हणजे फक्त डॉक्टरीणबाई बसल्या, त्यांचे गुडघे दुखतात म्हणून. बाकी कुणाचं बूड टेकत नव्हतं. पाववाली कामावरून तशीच आली होती, भुवयांवर पीठ होतं. फ्रॉक टेबलावर होता. तिने त्याला हात लावला नाही.

"काय काय म्हणाला?"

आत्याने सगळं सांगितलं. काजांपर्यंत आल्यावर पाववालीने डोळे मिटले.

"मग त्याला कळलंय," ती म्हणाली. "तो शनिवार फ्रॉकसाठी नाही. तो असंच करतो. आधी सांगून ठेवतो आणि मग माणसाला वाट बघायला लावतो. मारण्यापेक्षा त्याला तेच आवडतं."

वकीलबाई म्हणाल्या, "मी उद्याच बोलते. माझ्या ओळखीची संस्था आहे, लांबच्या शहरात. गाडीने एका दिवसात पोचशील."

"मी जाणार नाही."

"अगं, हट्टाची वेळ आहे का ही?"

"मला कालच भट्टीवर घेतलंय." तिचा आवाज चढला. "इतके दिवस ट्रे पुसत होते. काल मालक म्हणाले, भट्टी तू सांभाळ. पोरीला शाळेत एक मैत्रीण झालीय, ती तिला मारते पण मैत्रीण आहे. पहिल्यांदा मी भीतीने निघाले. दुसऱ्यांदा ठरवून निघाले. आता काय कापडामुळे निघू?"

आत्या खिडकीकडे गेली आणि पडदा कड्यांतून उपटायला लागली. "जाळून टाकते सगळं. आत्ताच्या आत्ता."

"पडदे काढलेस तर उघड्या खिडक्यांकडे लोक जास्त बघतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खाली बस जरा. तुझ्याकडे बघून माझंच ब्लडप्रेशर वाढतंय."

"मला मारा, पण बस म्हणू नका, डॉक्टरीणबाई."

"तुम्हाला कोण मारणार?" पाववाली आत्याकडे वळली. "पण आत्या, तुम्ही विचार करायला हवा होता. तुम्हाला सगळी पोरं सारखी दिसायला हवी होती. माझी वेगळी दिसली असती तर चाललं असतं मला."

आत्या पडदा हातात धरून उभी होती. चूक कुणाची हे तिला टेप न लावता कळलं होतं.

मग वकीलबाईंनी डोकं चालवलं. पाववालीच्या नवऱ्याने तिच्याजवळ, राहत्या जागी, मुलीच्या शाळेपाशी फिरकायचं नाही, असा कोर्टाचा आदेश केव्हाच झाला होता. पण त्याच्या हातात पडल्याशिवाय त्याला अर्थ नव्हता, आणि त्याने घर सोडलं होतं. बेलिफ दोनदा कुलूप बघून परत आला होता.

"आदेश माझ्या बॅगेत कुजतोय," वकीलबाई म्हणाल्या. "आणि हा बाबा स्वतः वार सांगून गेलाय. शनिवारी बेलिफ दुकानात, पोलीस ठाण्यातल्या इन्स्पेक्टरबाई दुकानात, मी दुकानात. हातात पडला की त्यानंतर इथे पाऊल टाकलं तर सरळ आत."

"आणि शनिवारच्या आधी आला तर?" मी विचारलं. "दुकानात न येता थेट गल्लीत आला तर?"

"गल्लीत लक्ष ठेवायला माणूस हवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणजे गल्लीला सांगायला हवं."

आत्या एकदम वळली. "नाही. इतकी वर्षं कुणाला कळू दिलं नाही मी. पाटी लावली नाही. टपाल दुकानावर मागवलं. आणि आता गल्लीला सांगू? त्या डेअरीवाल्या वहिनींच्या तोंडात तीळ भिजत नाही."

पण दुसरा मार्ग नव्हता. सकाळी आत्या आणि मी गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याचं गॅरेज गल्लीच्या तोंडाशीच आहे. तो एका गाडीखाली होता, नुसते पाय दिसत होते. शेजारी डेअरीवाल्या वहिनी उंबऱ्यात उभं राहून त्या पायांशी गप्पा मारत होत्या.

आत्याने घसा साफ केला. "काय आहे, आमच्याकडे जे पाहुणे असतात ना... म्हणजे माझ्या नात्यातल्या बायका येतात अधूनमधून..."

"कोण, मॅटर्निटीतल्या?" गाडीखालून आवाज आला. "नवऱ्यापासून पळालेल्या?"

आत्याच्या तोंडाचा आ झाला. गॅरेजवाला घसरत बाहेर आला आणि चिंधीला हात पुसायला लागला.

"आत्या, प्रसूतिगृह बंद पडलं. डॉक्टरीणबाई घरी बसल्या. तरी रोज सकाळी आतून पोरं बाहेर पडतात. तीही दप्तरं घेऊन! आम्ही काय समजायचं?"

"केव्हापासून माहीत आहे?"

"पहिल्यापासून. मध्ये तो दाढीवाला आला नव्हता का, बायकोचा फोटो घेऊन..."

"कोण दाढीवाला?"

"तुम्हाला नाही सांगितलं, झोप उडाली असती तुमची. त्याला पुलापलीकडे पाठवला. तिकडे खरंच एक बंद नर्सिंग होम आहे. बसला असेल बोंबलत."

"मी सांगते, इथे नर्सा राहतात," डेअरीवाल्या वहिनी म्हणाल्या. "नर्सांचं हॉस्टेल आहे. कडक रेक्टर आहे म्हणून सांगते. म्हणजे तुम्ही."

समोरचा केमिस्ट आपल्या दुकानातून ओरडला, "मी सांगतो संसर्गाचा वॉर्ड आहे! नाकाला रुमाल लावूनच पळतात लोक."

"म्हणजे एकाच माणसाने तिघांना विचारलं तर?" मी म्हटलं.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग त्यांच्यात जी जुंपली ती ऐकण्यासारखी होती. केमिस्टचं म्हणणं, रोगाची भीती सगळ्यात पक्की. वहिनींचं म्हणणं, रोगाने माझं दूध कोण घेईल, तुमची मात्र औषधं खपतील, म्हणून तुम्हाला वॉर्ड हवाय. गॅरेजवाल्याला पुलापलीकडचं नर्सिंग होम सोडवत नव्हतं, त्यात त्याची कल्पकता होती. आत्या मात्र गॅरेजच्या पायरीवर बसून राहिली होती. कालपासून ती पहिल्यांदाच कुठे बसली होती.

"मग मी इतकी वर्षं कुणापासून लपवत होते गं?" तिने मला हळूच विचारलं.

"ज्यांच्यापासून लपवायचं होतं त्यांच्यापासूनच. पण लपवत हे लोक होते."

ती त्यावर खूश झाली नाही. तिचा चेहरा असा झाला होता की कुणीतरी तिच्या मशीनवर तिला न विचारता टाके घालून गेलंय. पण उठताना तिने वहिनींना म्हटलं, "उद्या दुपारी या वर. तुम्ही तिघंही. मंडळाची बैठक आहे."

"आम्ही कशाला मंडळात?"

"खोटं एकच बोलायचं असेल तर ठराव करावा लागेल ना," आत्या म्हणाली.

आणि खरंच झाला ठराव. नर्सांचं हॉस्टेल बहुमताने मंजूर झालं. केमिस्टने विरोध नोंदवायला लावला.

शुक्रवारपर्यंतचे दिवस कुणाचेच धड गेले नाहीत. पडदे एकेक करून बदलले गेले, सगळे एकदम नकोत असं मीच सुचवलं होतं. मुलांना पेटीतले जुने तुकडे शिवून कपडे दिले आणि मखमलीवरून पुन्हा भांडणं सुरू झाली. पाववालीची मुलगी शाळेत गेली नाही. पाववाली मात्र रोज बेकरीत गेली, मागच्या वाटेने, आणि परत आली की सरळ खिडकीपाशी. जेवताना तिचा पाय टेबलाखाली सारखा हलत असायचा, त्याने सगळ्यांच्या वाट्यांतलं पातळ हलायचं. कुणी तिला थांब म्हटलं नाही. मी प्रयोगशाळेत एकाच बाटलीवर दोनदा लेबल लावलं. आत्या तर टेप गळ्यात अडकवून जिने चढायची आणि कशाला चढले म्हणून उतरायची.

शनिवारी दुकान लवकर उघडलं. इन्स्पेक्टरबाई साध्या कपड्यांत आल्या आणि गिऱ्हाईक म्हणून स्टुलावर बसल्या. बेलिफ पडद्यामागे, वकीलबाई बटणांच्या काउंटरपाशी. बटणं बघून बघून त्यांनी शेवटी खरीच विकत घेतली. आत्या मशीनवर बसली आणि दोरा न ओवताच पाय मारत राहिली.

दुपार होत आली. तो आला नाही.

फोन वाजला. केमिस्ट होता आणि कुजबुजत होता, पण कुजबुजसुद्धा इतकी मोठी की सगळ्यांना ऐकू आली. "तो इकडे आहे. गल्लीत. मागच्या टोकाकडून आला."

आम्ही दुकानात जमू आणि गल्ली मोकळी राहील हा त्याचा हिशेब होता. वार त्याने त्यासाठीच सांगितला होता.

आम्ही गल्लीत पोचलो तेव्हा जे दिसलं त्याचा अर्थ लागायला मला थोडा वेळ लागला. गॅरेजच्या तोंडाशी एक जुनी गाडी आडवी लावली होती. तिचं मागचं दार उघडं होतं, आणि पाववालीचा नवरा आत गुडघ्यांवर बसून तिची सीट शिवत होता.

नंतर कळलं ते असं. तो औजारांची पिशवी घेऊन आला आणि थेट मॅटर्निटीच्या दाराकडे निघाला. वहिनींनी हटकलं तर म्हणाला, वरून बोलावणं आलंय, सोफा दुरुस्त करायचाय.

"सोफा?" वहिनी म्हणाल्या. "नर्सांच्या हॉस्टेलात? अहो, तिथे धड खुर्ची नाही बसायला."

"असेल खुर्ची. मला दुरुस्ती म्हणून सांगितलंय."

तेवढ्यात गॅरेजवाल्याने त्याच्या खांद्यावर हात टाकला. "अरे वा, सीटवाले का तुम्ही? देवासारखे भेटलात. ही गाडी आज द्यायचीय आणि सीट उसवलीय. रेक्टरबाई बाहेर गेल्यात, त्या आल्याशिवाय वर तुम्हाला कुणी दार उघडणार नाही. तोवर एवढे चार टाके घाला."

त्याला नाही म्हणता येईना. नाही म्हटलं असतं तर तो कशाला आलाय हे कळलं असतं. आणि एकदा सुई हातात घेतल्यावर, मला वाटतं, त्याला कसंतरी शिवणंही जमेना. तो मन लावून शिवत होता.

बेलिफने त्याचं नाव विचारलं. त्याने सुई दातात धरून वर बघितलं. आधी बेलिफकडे, मग इन्स्पेक्टरबाईंकडे, मग आत्याकडे. आदेश हातात पडला तेव्हा त्याने तो वाचला, नीट घडी घातली आणि खिशात ठेवला.

"फ्रॉक झाला का?" त्याने आत्याला विचारलं.

"नाही," आत्या म्हणाली. "तो आता वकीलबाईंकडे आहे. त्यांना विचारा."

त्याने वरच्या खिडक्यांकडे बघितलं. एकेक खिडकी, सावकाश. पडदे सगळे वेगवेगळे होते. "बघू," तो म्हणाला.

"बघू नका," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "त्यात तेच लिहिलंय."

गॅरेजवाला, केमिस्ट, वहिनी आणि वहिनींचे एरवी कुणाला न दिसणारे यजमान असे चौघे त्याच्या मागे मागे गल्लीच्या टोकापर्यंत गेले. तो वळून दिसेनासा झाल्यावरही ते तिथेच उभे राहिले, आणि मग तहान लागल्यासारखे सगळे एकदम बोलायला लागले.

पाववाली तेव्हा बेकरीत होती. शिफ्ट संपवून आली तेव्हा वहिनींनी तिला दारातच गाठलं आणि सगळं हातवाऱ्यांसकट सांगितलं. ती ऐकत उभी राहिली. मग आत्याकडे आली.

"मला बोलावलं का नाही?"

"भट्टी सोडून आली असतीस?"

तिने विचार केला. "नसते आले," ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "तो परत येईल."

"येईल," आत्या म्हणाली. "वकीलबाई म्हणतात तसं तुला लांब जायचं असेल तर मी अडवणार नाही. राहायचं असेल तर गल्ली आहे. पण येणारच नाही असं मी तुला सांगणार नाही."

पाववालीने मान हलवली. वर मुलीकडे जाईल असं मला वाटलं होतं, पण ती उलट दिशेला, गॅरेजकडे गेली. आत्या आणि मी तिच्या मागे गेलो. तिने गाडीचं मागचं दार उघडलं आणि सीटवरून हात फिरवला. अर्धी शिवण झाली होती. एका मापाचे टाके, एकही वाकडा नाही.

"छान झालंय," ती म्हणाली. "त्याचं काम नेहमी असंच असतं. घरातला सोफा बघायला लोक यायचे आमच्याकडे."

"राहिलेलं मी कुणाकडून तरी करून घेतो," गॅरेजवाला म्हणाला. "अर्धं काम फुकटात झालं, आपल्याला काय."

"उसवा हे."

"अहो, चांगलं आहे की."

"उसवा म्हणते ना."

गॅरेजवाल्याने आत्याकडे बघितलं. आत्याने त्याच्याकडे बघितलं नाही. ती आपली खिशातली छोटी कात्री काढत होती, पण पाववाली तेवढ्यासाठी थांबली नाही. तिने बाकावरचं ब्लेड उचललं, गाडीत चढली आणि पहिल्या टाक्यापासून सुरुवात केली.

"हळू," गॅरेजवाला म्हणाला, "रेक्झिन फाटेल."

"नाही फाटत." ती मान न वळवता म्हणाली. "वहिनी, माझ्या पोरीला सांगता का, आई खाली आहे म्हणून? आणि उद्या पहाटेची पाळी आहे माझी. पुढच्याच वाटेने जाणार आहे मी. कुणाला त्या वेळी तिकडे जायचं असेल तर सांगा."

"मला जायचंच असतं पहाटे," वहिनी म्हणाल्या. त्यांना कुठेही जायचं नसतं, दूध त्यांच्या दारात येतं.